घरचा पेपर

आमचे मगदूम सर भूल द्यायच्या आधी पेशंटला त्याच्या म्हशीचं नाव विचारतात.

थट्टा नाही करत मी. थिएटरात टेबलावर माणूस आडवा झालेला असतो, डोक्यावर ते मोठाले दिवे, भोवती हिरवे झगे, हाताला सुई. बिचाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालेलं असतं. अशा वेळी उशाशी बसलेले सर वाकून विचारतात, "मामा, म्हशीचं नाव काय म्हणालात काल?"

"चंद्री."

"आणि शिंग कुठलं मोडकं?"

"डावं हो, गेल्या साली दावणीत..." एवढं म्हणेपर्यंत मामांचा डोळा लागलेला असतो. मग पलीकडनं सर्जन विचारतात, "मगदूमसाहेब, म्हशीचं झालं असेल तर सुरू करू का?" सर मान हलवतात आणि स्वतःशीच पुटपुटतात, "डावं शिंग. लक्षात ठेवा हं सिस्टर, डावं."

ती सिस्टर मी. शिंदे सिस्टर. माहेर साताऱ्याकडचं, सासर सांगलीचं. बारा वर्षं आयसीयूत काढली, नंतर गुडघे बोलायला लागले म्हणून मला संशोधनाच्या खोलीत बसवलं. खोली कसली, जिन्याखालचा कोनाडा तो. दोन कपाटं, एक टेबल, आणि मगदूम सर. 'बसून करायचं काम आहे' असं मला सांगितलं होतं. सांगणाऱ्यानं मगदूम सरांना पाहिलेलं नसावं. पहिल्या महिन्यातच माझ्या दोन चपला झिजल्या.

सर भूलतज्ज्ञ. वय साठीच्या पुढं, अंगानं काटकुळे, चष्म्याची एक काडी पांढऱ्या चिकटपट्टीनं जोडलेली. सांगलीजवळच्या एका गावातलं जैन शेतकऱ्याचं घर. भाऊ होता तो गेला, आता पुतण्या ऊस आणि द्राक्षं बघतो. सरांचं लग्न राहून गेलं. का, ते मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "मुलगी बघायला जायचं ठरलं की इमर्जन्सी यायची. नंतर नंतर इमर्जन्सी नसली तरी जाईनासा झालो." एवढंच. पुन्हा मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

त्यांच्या दोन गोष्टी साऱ्या हॉस्पिटलला ठाऊक. एक, त्यांचं स्टूल. लाकडी, बुटकं, घरनं आणलेलं. वॉर्डात जाताना ते स्टूल काखेत असायचं. पेशंटच्या कॉटशेजारी टेकवायचं, त्यावर बसायचं, मग बोलायचं. "उभ्यानं विचारलेल्या प्रश्नाला माणूस खोटं उत्तर देतो," हे त्यांचं ठाम मत. नवीन शिकाऊ डॉक्टरांना ते आधी नाडी नाही, बसायला शिकवायचे.

दुसरी गोष्ट सूर्यास्त. सूर्य मावळला की सरांच्या तोंडात घास जायचा नाही. टेबलाच्या काचेखाली पंचांगाचं पान, त्यावर लाल पेनानं खुणा. थंडीत साडेपाचलाच कोनाड्यात डबा उघडायचा. ऑपरेशन लांबलं आणि दिवस बुडाला, तर उपाशी झोपायचे. कुणाला बोलून दाखवायचे नाहीत. "पोट काही रुसत नाही," म्हणायचे.

त्या साडेपाचच्या डब्यात माझी शेंगदाण्याची चटणी असायची. पहिल्या दिवशी मी डबा पुढं केला तर ते संकोचले. "लसूण असेल ना?" कांदा-लसूण त्यांना बारा महिने वर्ज्य. माझ्या तोंडातनं निघून गेलं, "न्हाई सर, आमच्या घरी लसूण कुणालाच चालत न्हाई." आता सातारकरणीच्या घरात लसूण चालत नाही म्हणजे काय बोलणं झालं हो! पण बोलून बसले. मग काय, रोज सकाळी दोन चटण्या. एक घरच्यांना लसूण हाणून, एक सरांना बिनलसणाची, वेगळ्या खलात कुटलेली. नवरा म्हणायचा, "तुज्या सरांपायी घरात दोन खलबत्ते झाले." आणि सर? सर रोज चाखून म्हणायचे, "मीठ अंमळ जास्त." आठ वर्षं! एकदाही चांगली झाली म्हणाले नाहीत. डबा मात्र पुसून परत यायचा.

आता आमचं संशोधन काय ते सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. साठी उलटलेल्या माणसाचं मोठं ऑपरेशन झालं की काही जणांची बुद्धी दोन-चार दिवस भरकटते. ऑपरेशन झकास होतं, टाके सुंदर, आणि म्हातारा म्हणतो, 'बैल सोडा, पाऊस आला.' मुलाला ओळखत नाही, नळ्या उपसतो. घरचे म्हणतात, भूल उतरली नाही. बहुतेक जण ठीक होतात, पण काहींचं पहिल्यासारखं होतच नाही. कोणत्या पद्धतीनं भूल दिली तर हे कमी होईल, ते बघायचं. निरनिराळ्या गावच्या हॉस्पिटलांत एकदम चाललेला अभ्यास. मुख्य केंद्र मोठ्या शहरात. सर आमच्याकडचे प्रमुख.

सरांचं एकच पालुपद, "जसा नेला तसा परत. नगाला नग. आपण माणूस घरच्यांच्या हातातनं घेतो ना, मग तोच द्यायचा. दुसरा चालणार नाही."

तर मुख्य केंद्राकडनं प्रश्नपत्रिका आली. छापील, शुद्ध मराठी. 'आज कोणता वार आहे? कोणती तारीख? आपण कितव्या मजल्यावर आहात? शंभरातून सात वजा करत जा.' ऑपरेशननंतर रोज विचारायची, गुण द्यायचे. गुण कमी, म्हणजे बुद्धी भरकटली.

पहिलाच पेशंट जतकडचा धुळाप्पा. मेंढपाळ, सत्तरीचा, आतड्याचं ऑपरेशन. प्रश्न विचारायला आमची तेव्हा शिकाऊ असलेली डॉक्टर प्राजक्ता. पोर हुशार, पण पुण्याची.

"बाबा, आज तारीख काय?"

"गोत्तिल्ल," धुळाप्पा म्हणाला. तिकडं कानडीत 'ठाऊक नाही'ला असं म्हणतात.

"आपण कितव्या मजल्यावर आहात?"

"वर जानाऱ्या पाळण्यात घालून आनलं बाई मला. मजला कुनी मोजला?"

"बरं, शंभरातून सात वजा करा."

धुळाप्पा ताडकन उठायला बघायला लागला. "सात? सात कुठं गेली? लांडगा शिरला काय?"

"तसं नाही हो, नुसते आकडे..."

"नुसती कशी? शंभरातली सात मेंढरं गेली तर मान्सानं हुडकाय जायाचं का हितं मोजत पडायाचं?"

प्राजक्तानं लिहिलं, 'गंभीर भ्रम.' झोपेचं इंजेक्शन द्यायच्या बेतात होती. तेवढ्यात सर स्टूल घेऊन आले. धुळाप्पाजवळ टेकले, म्हणाले, "पाव्हणं, कळपात पुढं कोण चालतं?"

"कर्रव्वा. काळी हाय. म्होरल्या उजव्या पायाला पांढरा पट्टा. ती निघाली की मागनं समदी." आणि मग त्यानं अर्धा तास एकेक मेंढरू सांगितलं. कोण गाभण, कुणाची लोकर कधी कातरली, कोण लबाड, कोण गरीब. त्याचा मुलगा शेजारी उभा राहून 'व्हय, व्हय' करत होता.

सर उठले ते प्राजक्ताकडंच वळले. "ह्याला भ्रम झालाय? अहो, आज ह्या इमारतीत ह्याच्याइतका शुद्धीवर दुसरा माणूस नाही. तुम्ही सांगा बघू, आज तिथी कोणती?" प्राजक्तानं खिशातला मोबाईल चाचपला. "झालं! तुम्हाला गंभीर भ्रम."

त्या आठवड्यात सरांनी मुख्य केंद्राला पत्र लिहिलं. मग दुसरं, मग तिसरं. अभ्यासांना परवानगी देणाऱ्या नीतिसमितीपुढं तासभर भांडले. शेवटी परवानगी मिळाली. छापील पेपर राहणारच, पण जोडीला आमच्याकडं आणखी एक पेपर. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंटच्या शेजारी बसून त्याच्याच आयुष्यातले पाच प्रश्न काढायचे. उत्तरं घरच्या माणसाकडनं पडताळून घ्यायची, त्याचं नाव आणि नातं लिहायचं. ऑपरेशन झालं की तेच पाच विचारायचे. छापील पेपराला आम्ही 'सरकारी पेपर' म्हणायचो आणि ह्याला 'घरचा पेपर'. म्हैस, शिंग, मेंढी हे सगळं त्यातलंच.

तो लिहून काढायचं काम कुणाकडं? माझ्याकडं. आठ वर्षांत मला अख्ख्या दोन जिल्ह्यांची गुरं नावानिशी पाठ झाली. मुख्य केंद्राकडनं कागद तपासायला एक बाई यायच्या, नीटनेटक्या. त्यांनी एकदा बोट ठेवून विचारलं, "कर्रव्वा म्हणजे पेशंटच्या आई का?"

"न्हाई मॅडम, मेंढी."

"मग ह्या पडताळणार कोण?"

"मुलगा."

"मेंढीचा?"

मी सरांकडं बघितलं. सर खिडकीतनं बाहेर बघत होते, खांदे हलत होते.

कोयनानगरच्या एक आक्का होत्या. यजमान धरणाच्या वसाहतीत कामाला होते. आक्का घाटातनं ओकत ओकत आल्या आणि पित्ताशय काढून घेऊन गेल्या. सरकारी पेपरात त्यांना विचारलं, "पतीचं नाव काय?" आक्कांनी खाली बघितलं. पुन्हा विचारलं. आक्कांनी मान फिरवली. प्राजक्तानं लिहिलं, 'पतीचं नाव आठवत नाही.' गुण शून्य. मी कपाळावर हात मारला. म्हटलं, "अगं बाई, आठवत न्हाई कुठलं? पन्नास वर्षांत घेतलं नाही ते नाव आता तुझ्या कागदासाठी घेईल होय?"

सर स्टूलवर बसले आणि हळूच म्हणाले, "आक्का, नाव घ्या की."

तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, नाकात नळी, हाताला सलाईन. आक्कांनी मास्क चार बोटांनी वर उचलला, पदर नव्हता तर चादरच डोक्यावर ओढून घेतली, आणि म्हणाल्या, "धरणाच्या पाण्यावर पेटती वीज, बाबूरावांचं नाव घेते, आता येऊ द्या नीज." मास्क खाली. डोळे बंद. आख्ख्या आयसीयूनं टाळ्या वाजवल्या, शेजारच्या कॉटवरच्या बायपासवाल्यानंसुद्धा.

पण घरच्या पेपराची खरी किंमत कळली ती साताऱ्याकडच्या सुभेदारांमुळं. निवृत्त फौजी, मिशा टोकदार. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी सरकारी पेपर घेतला, तर वार, तारीख, मजला, शंभरातनं सात, सगळं खाडखाड. पैकीच्या पैकी. दुखतंय का विचारलं तर "सब ठीक, साब!" प्राजक्ता खूश. सरांनी घरच्या पेपरातला एकच प्रश्न टाकला, "सुभेदार, धाकट्या सूनबाईंचं नाव काय?"

सुभेदार खालच्या आवाजात म्हणाले, "साब, इथं बायामाणसं नको. चौकीवर गोळीबार चाललाय."

माणूस तीन दिवस सरहद्दीवर होता आणि आमच्या कागदावर तो पूर्ण शुद्धीत! वार आणि तारीख फौजेनं त्यांच्या हाडात घातलेली. ती बुद्धी गेली तरी जात नव्हती. सूनबाई वैशालीला सरांनी दिवसभर त्यांच्याजवळ बसवलं. सरांचा नियमच तो. चष्मा घाला, कवळी द्या, कॉट खिडकीकडं फिरवा, ऊन दिसू द्या, आणि घरचं माणूस जवळ बसवा. चौथ्या दिवशी सुभेदार म्हणाले, "वैशाली, चहात साखर कमी हाय गं." सर थिएटरातनं धावत आले. "आला! माणूस परत आला!"

चष्म्यावरनं आठवलं. पेशंटला आत घेताना चष्मा काढून घेतात. तो सर स्वतःच्या झग्याच्या खिशात ठेवायचे, नावाची पट्टी लावून, आणि शुद्धीवर येताना स्वतःच्या हातानं डोळ्यांवर चढवायचे. "डोळे उघडल्यावर जग धुरकट दिसलं तर माणूस परत कशाला येईल?" म्हणायचे. कधी कधी त्यांच्या खिशात चार चष्मे असायचे. चालताना खुळखुळायचे.

आता आलं ते. गेल्या हिवाळ्यात सरांनाच जिना चढताना धाप लागली. तपासण्या झाल्या. तीन ठिकाणी अडथळे, बायपास करायला हवी. सर शांत. सगळे म्हणाले, भुलीच्या डॉक्टरला कसली भीती! पण संध्याकाळी कोनाड्यात डबा उघडून बसले आणि चटणीला हात लावला नाही. म्हणाले, "सिस्टर, मरायचं मला काही वाटत नाही. टेबलावरनं उठून दुसराच कुणी आला तर काय करायचं?"

मी म्हटलं, "आवं सर, तुमी जसे आहात तसा दुसरा कुठनं मिळायचा?" हसले. पण डबा तसाच मिटून ठेवला.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, मलाही अभ्यासात घ्या. नीतिसमितीनं डोक्याला हात लावला. स्वतःच्या अभ्यासात स्वतःच पेशंट? नाही म्हणजे नाही. "बरं, मोजू नका," सर म्हणाले. "पण माझा घरचा पेपर व्हायला पाहिजे."

म्हणून ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी त्यांचं स्टूल त्यांच्याच कॉटशेजारी टेकवलं आणि फॉर्म काढला. "सांगा सर. प्रश्न पहिला."

सर विचारात पडले. "रात्री... म्हणजे संध्याकाळी घरी मी काय खातो? दूधभात."

"पडताळणार कोण?"

"हं." थांबले. "मग सकाळी उठल्यावर मी पहिलं काय करतो?"

"कोण बघतंय सर?"

"हं."

"पुतण्या? अभयला इचारू?"

"अभयला माझ्या फोन नंबराशिवाय काय ठाऊक आहे? पोरगा चांगला आहे. सही करायला येतो म्हणालाय. पण ऊसतोड चालू आहे त्याची."

फॉर्म कोराच राहिला. साऱ्या मुलखाचे पाच-पाच प्रश्न काढणाऱ्या ह्या माणसाला स्वतःचा एक प्रश्न सापडेना. मला एकदम रडू आलं, ते मी फाईल खाली पाडून लपवलं. सर म्हणाले, "राहू दे इथं. मी लिहून ठेवतो." सकाळी थिएटरात जायच्या आधी त्यांनी बंद पाकीट माझ्या हातात दिलं. "एकेक प्रश्न काढून विचारायचा. उत्तरं आत वेगळ्या चिठ्ठीत घडी करून ठेवलीत. आधी बघायची नाहीत. नियम म्हणजे नियम."

ऑपरेशन झकास झालं. दुसऱ्या दिवशी श्वासाची नळी निघाली. अभय सही करून, काचेतनं बघून, डोळे पुसून ऊसतोडीला गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी आयसीयूत गेले तर प्राजक्ता आनंदात. "सिस्टर, सर एकदम क्लिअर! सरकारी पेपर पैकीच्या पैकी. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, धडाधडा."

मी सरांकडं पाहिलं. सर उशीला टेकून बसले होते. उजवा हात हवेत. मूठ दाबायचे, सोडायचे. दाबायचे, सोडायचे. भूल देताना पेशंटला श्वास द्यायचा रबरी फुगा असतो ना, तसा.

"हे काय?"

"सवय हो! सर म्हणजे सर," प्राजक्ता हसली. मघाशी ते म्हणे वॉर्डबॉयला म्हशीचं नाव विचारत होते. सगळे हसले होते. आणि इथंच घोळ होता बघा. माणूस मुळातच असा विक्षिप्त, की त्याचं भरकटणं कुणाला वेगळं वाटलंच नव्हतं!

मलाही कदाचित वाटलं नसतं. पण सवयीनं मी खाण्यापिण्याचा तक्ता उचलला. कालची नोंद, 'सायंकाळी साडेसात. एक वाटी पेज. आवडीने घेतली.'

मी तक्ता पुन्हा वाचला. थंडीच्या दिवसांत साडेसात! सूर्य बुडून दीड तास झालेला. आठ वर्षांत मी ह्या माणसाला दिवस मावळल्यावर एक शेंगदाणा तोंडात टाकताना पाहिलं नव्हतं. आजारपणात खाल्लं तर पाप नाही, हे मलाही कळतं. पण ते आधी घड्याळ बघून चार वेळा हळहळले असते. आवडीनं घेतली म्हणे!

मी पाकीट फोडलं. स्टूल ओढलं. "सर, प्रश्न पहिला. धुळाप्पाच्या कळपात पुढं कोण चालतं?"

सरांनी माझ्याकडं पाहिलं, पण माझ्या आरपार. "पेशंट आत घ्या," म्हणाले. हात चालूच.

"प्रश्न दुसरा. कोयनानगरच्या आक्कांचा उखाणा पूर्ण करा. धरणाच्या पाण्यावर..."

"पेशंट आत घ्या. उशीर होतोय."

"प्रश्न तिसरा. सुभेदारांच्या धाकट्या सुनेचं नाव?"

नुसती मूठ. दाबायची, सोडायची. पुढचे दोन मी विचारलेच नाहीत. प्राजक्ताचा चेहरा उतरला. तिला मी म्हटलं, "सुभेदारबी पैकीच्या पैकी पास झाले होते, बाई." ती पळतच रक्त तपासायला द्यायला गेली. तिथनं पुढं तिनं कसूर केली नाही, तेवढं मी सांगेन.

रक्तातलं मीठ थोडं खाली आलेलं, ते भरायला घेतलं. पण माझं लक्ष सरांच्या डोळ्यांकडं होतं. चष्मा! चष्मा कुठंय? शोधाशोध. पेशंटचं सामान नातेवाइकांकडं देतात. इथं अभय निघून गेलेला, म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कुणीतरी लॉकरमध्ये कुलूपबंद केलेला. साऱ्या जगाचे चष्मे खिशात घेऊन फिरणारा माणूस दोन दिवस धुक्यात बसला होता हो! चिकटपट्टीची ती काडी मी माझ्या हातानं त्यांच्या कानामागं बसवली. कॉट खिडकीकडं फिरवली.

राहिला शेवटचा नियम. घरचं माणूस जवळ बसवा.

मी मेट्रनकडं गेले आणि रजा लिहून दिली. "कारण?" म्हणाल्या. "घरचं माणूस आजारी हाय," म्हटलं. दोन दिवस मी सकाळी येऊन त्या बुटक्या स्टूलावर बसले, ऊन उतरेपर्यंत. गुडघ्यांनी शिव्या घातल्या. घरच्या पेपरांची फाईल घेतली आणि एकेक वाचून दाखवायला लागले. चंद्रीचं डावं शिंग. कर्रव्वाचा पांढरा पट्टा. चटणीचा डबा उशाशी ठेवला. पहिल्या दिवशी हात चालूच होता. मनातनं मी पार खचले होते. घरी जाऊन नवऱ्यापुढं रडले, म्हटलं, हे असेच राहिले तर? त्यानं सकाळी न सांगता बिनलसणाची चटणी स्वतः कुटून दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी सरांचा हात खाली आला. झोपले. शांत, घोरत.

ऊन खिडकीच्या गजांवर आलं तेव्हा डोळे उघडले. चष्मा सरळ केला. म्हणाले, "सिस्टर, दिवस बुडायला किती अवकाश आहे?"

मी स्टूलावरनं पडायचीच राहिले. "अर्धा तास हाय सर."

"मग डबा उघडा की. बघत काय बसलाय?"

"आधी पेपर!" मी ओरडलेच. पाकीट काढलं. "प्रश्न पहिला."

"कर्रव्वा."

"दुसरा."

"...बाबूरावांचं नाव घेते, आता येऊ द्या नीज."

"तिसरा."

"वैशाली. चहात साखर कमी घालते."

चौथा मी पहिल्यांदाच वाचत होते. 'आई मला काय हाक मारायची?' खाली बारीक अक्षरात, 'हे पडताळायला आता कुणी उरलेलं नाही. लिहिलंय तेच धरावं.'

"शिरपा," सर म्हणाले. श्रीपाल हे त्यांचं नाव. मी चिठ्ठी उघडून पाहिली. बरोबर होतं.

"प्रश्न पाचवा," मी वाचायला लागले. "शिंदे सिस्टरच्या घरी..." आणि अडखळले. "शिंदे सिस्टरच्या घरी लसूण खातात का?"

सर छताकडं बघत होते. मिशी नाही त्यांना, नाहीतर मिशीत हसले असं म्हटलं असतं. "भरपूर," म्हणाले. "पहिल्या दिवसापासनं ठाऊक आहे. तुमच्या डब्याच्या खालच्या कप्प्याचा वास साऱ्या कोनाड्यात येतो. माझ्यासाठी वेगळी कुटता."

"मग बोलला न्हाईत ते?"

"बोललो असतो तर बंद केली असतीत."

चिठ्ठीतही तेच होतं. 'खातात. तिला वाटतं, मला माहीत नाही.' त्याखाली पडताळणीचा रकाना. नाव: सौ. शिंदे. नातं: आणि तिथं पेन्सिलनं फिकट लिहिलेलं, 'सिस्टरना विचारून लिहावे.'

मी बराच वेळ त्या पेन्सिलीकडं बघत राहिले. अक्षरं पुसट व्हायला लागली, ती पेन्सिलीमुळं नव्हे. मग खिशातनं पेन काढलं, आणि त्या ओळीवर पक्क्या शाईनं लिहिलं, 'घरचीच.'

सरांनी तो कागद मागून घेतला, चष्मा वर करून वाचला, परत दिला. गजांवरचं ऊन निम्मं उतरलं होतं. मी घाईनं डबा उघडला, सोबत आणलेल्या दूधभातावर चटणी वाढली. पहिला घास त्यांनी डोळे मिटून खाल्ला.

"मीठ अंमळ जास्त," म्हणाले.

मी प्राजक्ताला हाक मारली, "ये गं, बघ! आला माणूस परत!"